प्राचीन अथेन्समधील सोडतपद्धती आणि आधुनिक लोकशाही

प्रास्ताविक

आधुनिक जीवनावरील प्राचीन ग्रीक संस्कृतीच्या प्रभावाचा विषय निघाला की नाटक, तत्त्वज्ञान, भूमिती, वैद्यक, ऑलिंपिक क्रीडास्पर्धा आणि लोकशाही अशी एक यादी आपल्याकडे ठरल्यासारखी मांडली जाते. या यादीत लोकशाहीचे स्थान बहुधा अग्रभागी असते. प्रथम वर्षाच्या राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला यासंबंधी विचारले तर त्याचे उत्तरही ठरलेले असते : अथेन्सची लोकसंख्या थोडी होती, म्हणून तेथे सर्व नागरिक एकत्र जमून राज्यकारभार करीत, आजची राष्ट्रे विशाल आहेत, म्हणून आपल्याला प्रतिनिधी निवडून द्यावे लागतात. परीक्षेत या उत्तराला गुण मिळतात आणि आपण अध्यापकच ते देत असतो. तथापि या उत्तराची दोन्ही अंगे तपासून पाहण्याजोगी आहेत.

अथेन्सची लोकसभा, म्हणजे ‘एक्लेसिया’, ज्या प्निक्स टेकडीवर भरत असे तिथे इ.स.पू. पाचव्या शतकात सुमारे ६,००० माणसे मावत. चौथ्या शतकात प्रौढ पुरुष नागरिकांची संख्या अभ्यासकांच्या अंदाजानुसार ३०,००० च्या आसपास होती. म्हणजे कोणत्याही एका सभेत बहुसंख्य नागरिक अनुपस्थितच असत. शिवाय सभेपुढे कोणते विषय यावेत हे ठरविणारे, सभेचे निर्णय अमलात आणणारे आणि खटल्यांचा निवाडा करणारे लोक सभेत जमलेले लोक नव्हेत. ते वेगळे नेमलेले असत आणि ही नेमणूक मतदानाने होत नसून प्रामुख्याने सोडतीने, आपल्या बोलीत सांगायचे तर चिठ्ठ्या टाकून होत असे. अथेनी लोकशाहीचे मर्म ‘सर्वांची सभा’ या कल्पनेत जितके आहे त्याहून अधिक या सोडतीत आहे, आणि नेमकी तीच गोष्ट आपल्यापर्यंत पोहोचली नाही. तिचे स्वरूप काय होते, ती लुप्त कशी झाली आणि अलीकडे ती पुन्हा चर्चेत का आली आहे, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

सोडतीचे क्षेत्र

इ.स.पू. ५०८-०७ मध्ये क्लेइस्थेनीसने अथेन्सच्या नागरिकांची दहा नव्या गणांत विभागणी केली. प्रत्येक गणातून ५० याप्रमाणे ५०० सभासदांचे मंडळ, म्हणजे ‘बुले’, स्थापन झाले. तिशी ओलांडलेल्या नागरिकांतून सोडतीने नेमले जाणारे हे मंडळ सभेची विषयपत्रिका तयार करी, परराष्ट्रांच्या वकिलांना भेटे, जमाखर्चावर देखरेख ठेवी. वर्षाचे दहा भाग करून प्रत्येक भागात एका गणाचे ५० सभासद कार्यकारी समिती म्हणून काम पाहत. त्या ५० जणांतूनही रोज एक अध्यक्ष सोडतीने निवडला जाई. त्याची मुदत एक दिवस आणि एक रात्र. तेवढ्या काळापुरत्या खजिन्याच्या किल्ल्या आणि राज्याची मुद्रा त्याच्या ताब्यात असत. हे पद एका माणसाला आयुष्यात एकदाच मिळे. बुलेचे सभासदत्व मात्र दोनदा मिळू शकत असे.

याचा परिणाम समजण्यास साधा गुणाकार पुरे. तीस वर्षांत बुलेच्या १५,००० जागा भरावयाच्या आणि एका व्यक्तीला दोनहून अधिक वेळा बसता यावयाचे नाही, तर किमान ७,५०० निरनिराळ्या नागरिकांना राज्यकारभाराच्या केंद्रस्थानी एक वर्ष तरी काढावे लागणारच. वर्षातील साधारण साडेतीनशे दिवसांचे तितकेच अध्यक्ष होत. म्हणजे ५०० सभासदांपैकी दर दहांतून सुमारे सात जणांना एक दिवसाचे का होईना अध्यक्षपद मिळत असे. सॉक्रेटिससारख्या राजकारणापासून दूर राहणाऱ्या माणसाच्या वाट्यालाही हे सभासदत्व आले होते. इ.स.पू. ४०६ मध्ये अर्गिनुसाईच्या नाविक युद्धानंतर सेनापतींवर एकत्रित खटला चालविण्याचा बेकायदा ठराव पुढे आला, त्या वेळी कार्यकारी समितीत बसलेल्या सॉक्रेटिसने त्याला विरोध केला, ही हकिकत प्रसिद्ध आहे. तो तेथे निवडून आलेला नव्हता, हे मात्र आपण सहसा सांगत नाही.

बुलेखेरीज अथेन्समध्ये सुमारे ७०० अधिकारपदे होती आणि त्यांपैकी सुमारे ६०० सोडतीने भरली जात. बाजारातील वजने-मापे तपासणारे, धान्याच्या भावावर नजर ठेवणारे, रस्त्यांची सफाई पाहणारे अधिकारी बहुधा दहा-दहांच्या मंडळांत नेमलेले असत. एकट्याच्या हाती सत्ता राहू नये आणि एकट्याच्या अज्ञानाने काम अडूही नये, असा दुहेरी लाभ त्यात होता.

दगडी यंत्र

सोडतीची सर्वांत सूक्ष्म रचना न्यायालयांत आढळते आणि तिच्याविषयीची आपली माहिती एका योगायोगाची देणगी आहे. ॲरिस्टॉटलच्या किंवा त्याच्या शिष्यवर्गाच्या नावे सांगितला जाणारा अथेन्सच्या राज्यघटनेवरील ग्रंथ शतकानुशतके हरवलेला होता. ईजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसच्या गुंडाळ्यांवर तो मिळाला आणि ब्रिटिश म्युझियमतर्फे फ्रेडरिक केन्यन यांनी १८९१ मध्ये तो प्रसिद्ध केला. इ.स. पहिल्या शतकातील एका शेतीच्या हिशेबाच्या पाठकोऱ्या बाजूवर कोणीतरी तो उतरवून घेतला होता! या ग्रंथाच्या अखेरच्या प्रकरणांत न्यायपंचांच्या निवडीचे तपशीलवार वर्णन आहे. त्यात येणारा ‘क्लेरोतेरिओन’ हा शब्द म्हणजे सोडतीचे दालन असावे असा अर्थ प्रारंभी लावला जात होता. अथेन्सच्या अगोरा या जुन्या बाजारचौकात १९३१ पासून सुरू झालेल्या उत्खननात खाचांच्या रांगा असलेले दगडी पाट सापडले, आणि स्टर्लिंग डाऊ या अमेरिकन अभ्यासकाने तेच क्लेरोतेरिओन होत हे दाखवून दिले. दालन समजले गेलेले ते प्रत्यक्षात यंत्र होते.

त्याचे कार्य असे चाले. दरवर्षी ६,००० न्यायपंचांची यादी तयार होई. प्रत्येक पंचाजवळ त्याचे नाव आणि विभागाचे अक्षर कोरलेली छोटी पट्टी असे. न्यायालयाच्या दिवशी पहाटे येऊन त्याने ती आपल्या अक्षराच्या पेटीत टाकावयाची. मग या पट्ट्या यंत्रावरील उभ्या रांगांतील खाचांमध्ये बसवल्या जात. एका यंत्रावर पाच उभ्या रांगा असत. पट्ट्या बसवणारा माणूसही सोडतीनेच ठरे, कारण त्यानेच लबाडी केली तर काय, ही शंका अथेन्सच्या लोकांना आधीच आलेली होती. यंत्राच्या बाजूला एक नळी असे. तिच्यात वरून काळे व पांढरे फासे मिसळून ओतले जात आणि खालून एकेक फासा सोडला जाई. पांढरा आला की वरची आडवी ओळ, म्हणजे पाच माणसे, निवडली जात. काळा आला की ती पाचही माणसे पट्ट्या परत घेऊन घरी जात. निवडलेल्या प्रत्येकाने पुढे एका पात्रातून अक्षर कोरलेली गोळी काढावयाची. त्यावरून त्याचे न्यायालय ठरे, त्या न्यायालयाच्या दारावरील रंगाची काठी त्याच्या हाती येई, आणि भलत्याच रंगाची काठी घेऊन कोणी आत शिरला तर तो लगेच ओळखू येई.

एवढा खटाटोप कशासाठी? उत्तर याच ग्रंथात आहे. पायलोस गमावल्यानंतर भरलेल्या खटल्यात अनिटस नावाच्या श्रीमंत सेनापतीने न्यायपंचांना लाच देण्याचा पायंडा पाडला असे तेथे म्हटले आहे. हाच अनिटस पुढे इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसच्या फिर्यादींपैकी एक होता. पाचव्या शतकात न्यायपंच वर्षभर एकाच न्यायालयाला जोडलेले असत, त्यामुळे त्यांना आधी गाठणे शक्य होते. चौथ्या शतकात विकसित झालेल्या या पद्धतीत कोणता खटला कोणापुढे चालेल हे सकाळपर्यंत देवालाही ठाऊक नसे. एका न्यायालयात साधारणपणे २०१, ४०१ किंवा ५०१ पंच बसत. ऐनवेळी इतक्या लोकांना विकत घेणे कोणालाही परवडणारे नव्हते.

‘देवालाही’ हा शब्द येथे सहज वापरलेला नाही. सोडत हा मुळात देवाचा कौल मानला जाई, म्हणून अथेनी पद्धती धार्मिक होय, असे मत फ्युस्तेल द कुलांज या फ्रेंच इतिहासकाराने १८६४ मध्ये मांडले होते. मराठी वाचकाला ते पटण्यासारखे वाटेल. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात आणि आपली वृत्तपत्रे निवडणुकीच्या निकालालाही ‘मतदारांचा कौल’च म्हणतात. परंतु जेम्स हेडलम यांनी १८९१ मध्ये या मताचे खंडन केले. काळ्या-पांढऱ्या फाशांच्या या यंत्रात देवाच्या इच्छेपेक्षा माणसावरील अविश्वास अधिक दिसतो, असे प्रस्तुत लेखकालाही वाटते.

अज्ञानाचा आक्षेप

सोडतीवरील सर्वांत जुना आक्षेप सॉक्रेटिसच्या नावावर आहे. झेनोफनने नोंदविल्याप्रमाणे, जहाजाचा सुकाणूधर किंवा बासरीवादक कोणी चिठ्ठी टाकून ठरवीत नाही, मग राज्याचे अधिकारी तसे का ठरवावेत, असा त्याचा प्रश्न होता. आक्षेप भारी आहे. पण अथेन्सच्या व्यवहारात त्याला उत्तर होते.

पहिली गोष्ट अशी की, जेथे विशेष कौशल्य अपरिहार्य होते तेथे अथेन्सने सोडत वापरली नाही. दहा सेनापती हात वर करून निवडले जात आणि त्यांना पुनःपुन्हा निवडून येण्याची मुभा होती. पेरिक्लीसची सत्ता याच मार्गाने आली. दुसरे म्हणजे, सोडतीने नाव निघाले तरी लगेच पद मिळत नसे. ‘दोकिमासिया’ नावाच्या चौकशीत त्याचे नागरिकत्व, आईवडिलांशी वर्तन, करभरणा आणि लष्करी सेवा यांची तपासणी होई. मुदत संपल्यावर ‘युथिना’ म्हणजे हिशेबतपासणी होई. तीत पैशाचा हिशेब आधी आणि वर्तनाच्या तक्रारी नंतर घेतल्या जात. हिशेब पूर्ण होईपर्यंत त्या माणसाला अथेन्स सोडून जाता येत नसे. तिसरे म्हणजे, नाव यादीत घालणे ऐच्छिक होते. ज्याला या चौकशीचे भय वाटे तो पुढे येत नसे.

या सर्वांमागील तत्त्व ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’मध्ये स्पष्ट केले आहे : आळीपाळीने राज्य करणे आणि आळीपाळीने आज्ञा पाळणे हे लोकशाहीतील स्वातंत्र्याचे लक्षण होय. त्याच्या दृष्टीने सोडतीने होणारी नेमणूक लोकशाहीला साजेशी आहे, तर मतदानाने होणारी निवड अल्पजनसत्तेला. आजच्या विद्यार्थ्याला हे वाक्य उलटे छापले गेले आहे असे वाटते. त्यामागील तर्क मात्र सरळ आहे. निवडणुकीत मतदार काही कारणाने ‘विशेष’ वाटणाऱ्यालाच मत देतो. ते विशेषपण कर्तृत्वाचे असेल. तसेच ते पैशाचे, घराण्याचे किंवा वक्तृत्वाचेही असेल. चिठ्ठीला यांपैकी काहीच दिसत नाही.

याचा अर्थ अथेन्स हे समतेचे राज्य होते असा मुळीच नाही. स्त्रिया, गुलाम आणि परप्रांतीय रहिवासी या सर्व व्यवस्थेच्या बाहेर होते. पेरिक्लीसच्या इ.स.पू. ४५१-५० च्या कायद्यानंतर आई आणि वडील दोघेही अथेनी असल्याखेरीज नागरिकत्व मिळत नसे. घरातील आणि खाणीतील कष्ट गुलाम उपसत होते म्हणून अनेक नागरिकांना पहाटे न्यायालयाच्या दारी उभे राहण्याची सवड होती, हे विसरता येत नाही. अर्थात गरीब नागरिकालाही यावे म्हणून पेरिक्लीसने न्यायपंचांना दोन ओबोल दैनिक भत्ता सुरू केला आणि पुढे तो तीन ओबोल झाला. आणि मतदान म्हटले की गटबाजी तेथेही होतीच. खापरीवर नाव लिहून एखाद्याला दहा वर्षे हद्दपार करण्याच्या पद्धतीचा पुरावा म्हणून ॲक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरील एका विहिरीत थेमिस्टोक्लीसचे नाव लिहिलेल्या सुमारे १९० खापऱ्या सापडल्या. त्यांवरील अक्षर अवघ्या चौदा हातांचे आहे. मते आधीच लिहून वाटण्याची कला आधुनिक नव्हे!

विस्मरणाचा इतिहास

मग ही पद्धती गेली कोठे? मध्ययुगीन इटलीतील नगरराज्यांत तिचा काही अंश टिकला. व्हेनिसमध्ये १२६८ पासून राज्यप्रमुखाची निवड सोडत आणि मतदान यांच्या आलटून-पालटून होणाऱ्या अनेक फेऱ्यांतून होई, आणि ही रीत १७९७ मध्ये ते गणराज्य बुडेपर्यंत चालली. १७४८ मध्ये माँतेस्क्यूने ॲरिस्टॉटलचेच मत नव्याने मांडले. परंतु त्यानंतर चार दशकांतच अमेरिका आणि फ्रान्स येथे ज्या राज्यव्यवस्था उभ्या राहिल्या, त्यांत सोडतीची साधी चर्चादेखील झाली नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ लिहिताना मॅडिसनने ‘लोकशाही’ आणि ‘गणराज्य’ यांत भेद केला. प्रतिनिधींच्या गाळणीतून लोकमत शुद्ध होते, हा त्याच्या मते गणराज्याचा गुण होता. अथेन्स त्याला अनुकरणीय नव्हे तर सावधगिरीचे उदाहरण वाटत असे.

या आकस्मिक विस्मरणाचे कोडे बर्नार्ड मानें यांनी प्रातिनिधिक शासनावरील आपल्या १९९५ च्या फ्रेंच ग्रंथात उलगडले आहे. राष्ट्र मोठे असल्याने सोडत अशक्य ठरली, हे कारण त्यांना मान्य नाही, कारण मोठ्या यादीतूनही चिठ्ठी काढता येतेच. त्यांच्या मते, सतराव्या-अठराव्या शतकांत ‘सत्ता शासितांच्या संमतीवर उभी असावी’ हा विचार प्रबळ झाला होता. चिठ्ठीने संमती व्यक्त होत नाही, मताने होते. म्हणून पदांच्या समान वाटपाचा प्रश्न मागे पडला आणि संमतीचा प्रश्न पुढे आला. पुढे जॉर्ज ग्रोटच्या १८४६ ते १८५६ या काळात प्रसिद्ध झालेल्या ग्रीसच्या इतिहासाने अथेन्सची प्रतिमा उजळली. पण तोवर निवडणूक आणि लोकशाही हे समानार्थी शब्द होऊ लागले होते. आपण जे घेतले ते मुख्यतः नाव. यंत्रणा आली ती ब्रिटिश संसदेकडून.

ज्यूरी पद्धतीबद्दलही असाच गैरसमज आहे. ती अथेन्सच्या न्यायपंचांची वारस आहे असे पुष्कळदा लिहिले जाते. वस्तुतः ती मध्ययुगीन इंग्लंडमध्ये स्वतंत्रपणे वाढली. भारतात ती इंग्रजांबरोबर आली. मुंबईतील १९५९ च्या नानावटी खटल्यात नऊपैकी आठ पंचांनी आरोपीला निर्दोष ठरविले, सत्र न्यायाधीशाने ते न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले आणि तेथे शिक्षा झाली. ज्यूरीवरील विश्वास उडण्यास या खटल्याने मोठा हातभार लावला. मात्र तोच देशातील शेवटचा ज्यूरी खटला, ही समजूत खरी नाही. काही ठिकाणी ही पद्धती त्यानंतरही काही काळ चालू होती आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला स्थान उरले नाही.

आपल्याकडील सोडत

सोडत ही केवळ ग्रीकांची मिरास नव्हे. तमिळनाडूतील उत्तरमेरूर येथील चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातील, इ.स. दहाव्या शतकाच्या पूर्वार्धातील शिलालेखांत ग्रामसभेच्या समित्या नेमण्याची रीत कोरलेली आहे. तीस वाडांतील पात्र व्यक्तींची नावे ताडपत्रांवर लिहून घड्यात टाकावयाची आणि एका लहान मुलाकडून ती काढून घ्यावयाची. जमीन, वय आणि वेदविद्या यांच्या अटी असल्याने ही समता मर्यादितच होती. तथापि पूर्वी समितीवर असताना ज्याने हिशेब दिला नाही तो आणि त्याचे नातलग अपात्र, हे कलम वाचताना अथेन्सच्या हिशेबतपासणीची आठवण होते. दोन्हींचा परस्परसंबंध असल्याचा पुरावा नाही. समान अडचणीवर दोन समाजांनी सारखे उत्तर शोधले, इतकेच म्हणता येईल.

आजच्या महाराष्ट्रात सोडत अपरिचित नाही. म्हाडाची घरे आणि शिक्षण हक्क कायद्याखालील २५ टक्के राखीव प्रवेश सोडतीने दिले जातात. संसद व विधानसभा निवडणुकीत समान मते पडली तर चिठ्ठी टाकावी, अशी तरतूद १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे. २०१७ च्या मुंबई महानगरपालिका निवडणुकीतही गिरगाव भागातील एका प्रभागाचा निकाल असाच चिठ्ठीने लागला. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर सरपंचपदांचे आरक्षण ठरविण्यासाठी तहसील पातळीवर सोडत निघते आणि तेथेही बऱ्याचदा चिठ्ठी काढावयास एखाद्या शाळकरी मुलाला बोलावले जाते. उत्तरमेरूरचा मुलगा असा अजून आपल्यात आहे. फरक एवढाच की, आपली सोडत व्यक्तीला निवडत नाही. कोणत्या प्रवर्गातील व्यक्ती उभी राहू शकेल ते ठरवते आणि पुढचे काम मतदानावर सोपवते. या मिश्र पद्धतीचा परिणाम उपेक्षणीय नाही. चट्टोपाध्याय आणि द्यूफ्लो यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पश्चिम बंगाल व राजस्थानमधील ज्या पंचायतींचे प्रमुखपद महिलांसाठी राखीव झाले होते तेथे खर्चाचा ओघ महिलांनी मांडलेल्या गरजांकडे, विशेषतः पिण्याच्या पाण्याकडे, अधिक वळल्याचे आढळले. राखीव जागा यदृच्छेने ठरल्या होत्या, म्हणूनच ही तुलना शक्य झाली.

पुनरागमन

व्यक्तींची सोडत मात्र अलीकडे अन्यत्र परतली आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००४ मध्ये निवडणूक पद्धतीचा विचार करण्यासाठी १६० नागरिक सोडतीने नेमले. त्यांच्या शिफारशीला २००५ च्या सार्वमतात सुमारे ५७.७ टक्के मते मिळाली. ६० टक्क्यांची अट असल्याने ती बारगळली. आयर्लंडचा अनुभव अधिक बोलका आहे. तेथे २०१२ ते २०१४ या काळातील घटना परिषदेत ६६ नागरिक आणि ३३ राजकीय प्रतिनिधी एकत्र बसले, आणि त्यांच्या शिफारशीतून समलिंगी विवाहाचा प्रश्न २०१५ च्या सार्वमतात गेला व संमत झाला. त्यानंतर ९९ सामान्य नागरिकांच्या सभेने गर्भपातासारख्या विषयाचा विचार केला. या विषयाला हात घालण्याची निवडून आलेल्या पक्षांना अनेक वर्षे धास्ती वाटत होती. २०१८ च्या सार्वमतात सुमारे ६६ टक्के मतदारांनी बदलाला संमती दिली.

हे यशच म्हणावे, तर २०२४ ची घटना त्याच्या शेजारी ठेवावी लागते. कुटुंब आणि घरातील शुश्रूषेविषयीच्या घटनादुरुस्त्या, ज्यांचे मूळ आणखी एका नागरिक सभेच्या शिफारशींत होते, त्या मार्च २०२४ मध्ये मतदारांनी मोठ्या बहुमताने फेटाळल्या. सभेने सुचविलेली शब्दरचना आणि सरकारने मांडलेली शब्दरचना यांत अंतर होते, हे त्यावेळच्या टीकेचे एक कारण होते. आधुनिक सोडत आणि अथेन्सची सोडत यांतील भेद येथेच उघड होतो. आयर्लंडच्या नागरिकांनी महिनोन्महिने तज्ज्ञांची मते ऐकली, चर्चा केली, शिफारस लिहिली आणि ते घरी गेले. पुढे त्या शिफारशीचे काय करावयाचे हे निवडून आलेल्यांनी ठरविले. अथेन्सच्या बुलेतील माणसाच्या हाती किल्ल्या आणि मुद्रा येत, म्हणूनच वर्षअखेर त्याला हिशेब देण्यासाठी उभे राहावे लागे.